सिग्नल हँडलरच्या आत स्टॅक उलगडताना बॅकट्रेस तुटतो तेव्हा

लक्षणे

लिनक्सवरचा सी किंवा सी++ मधला प्रोग्रॅम क्रॅश होतो, आपण बसवलेला सिग्नल हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारे फंक्शन) चालू होतो, पण त्याने छापलेला बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला कॉल केला याची स्टॅकवरून काढलेली यादी) कामाचा नसतो. ही तक्रार साधारणपणे पुढच्या रूपांत समोर येते.

- हँडलरच्या स्वतःच्या दोन-तीन फ्रेम (एकेका कॉलच्या नोंदी) नीट दिसतात आणि त्यानंतर प्रश्नचिन्हे येतात, किंवा यादी तिथेच संपते.
- यादी वरपासून खालपर्यंत भरलेली दिसते, पण ज्या फंक्शनमध्ये घोटाळा झाला तेच नेमके गायब असते, किंवा त्याच्या जागी मेमरीत त्याच्या अलीकडे बसलेल्या भलत्याच फंक्शनचे नाव येते.
- प्रोसेस मरत नाही आणि पुढेही जात नाही. सीपीयू शून्यावर असतो आणि लॉगमधली शेवटची ओळ अर्धवट असते.
- हँडलर चाललाच नाही असे दिसते. शेल फक्त सेगमेंटेशन फॉल्ट एवढेच सांगतो.
- सिगप्रॉफ या ठरावीक वेळाने येणाऱ्या सिग्नलवर चालणाऱ्या प्रोफाइलरचे (वेळ कुठे जातो हे मोजणाऱ्या साधनाचे) बहुतेक नमुने चांगले असतात, पण मधूनच एखादा तुटका निघतो.
- हँडलरमधून एक्सेप्शन फेकले की ते कुठल्याही कॅचपर्यंत न पोहोचता थेट टर्मिनेट होते, म्हणजे प्रोग्रॅमच बंद पडतो.

या तक्रारींमागे बहुतेक वेळा एकच गोष्ट असते, म्हणून तपासण्यांकडे वळण्याआधी ती सांगतो. नेहमीच्या फंक्शनला कोणीतरी कॉल करते, त्यामुळे परत कुठे जायचे आणि कोणती रजिस्टरे जपायची हे दोन्ही बाजूंना ठरलेले असते. सिग्नल हँडलरला मात्र कोणीही कॉल केलेला नसतो. कर्नल चालू असलेला थ्रेड कुठल्याही सूचनेवर थांबवतो, त्याची सगळी रजिस्टरे स्टॅकवर एका चौकटीत लिहितो, त्या चौकटीच्या वर ट्रॅम्पोलिन नावाच्या छोट्याशा कोडचा पत्ता परतीचा पत्ता म्हणून ठेवतो आणि हँडलर सुरू करून देतो. हँडलर संपला की ट्रॅम्पोलिन कर्नलला ती रजिस्टरे परत भरायला सांगते. एक्स८६-६४ (इंटेल-एएमडी) वर ते १५ क्रमांकाच्या सिस्टिम कॉलने आणि ६४ बिटांच्या आर्मवर १३९ क्रमांकाच्या कॉलने होते. स्टॅक उलगडणाऱ्या कोडला, म्हणजे अनवाइंडरला, हँडलर आणि थांबवलेले फंक्शन यांच्यामधला हा सांधा ओलांडावा लागतो. माझ्याकडे आलेल्या प्रकरणांत अनवाइंडर मुळातून बिघडलेला फार क्वचित निघाला. बिघाड या सांध्याजवळच होता.

पहिली तपासणी: कोअर फाइल आणि जीडीबी

याला काही मिनिटेच लागतात, तरी बहुतेक जण ही पायरी सोडून थेट हँडलरचा कोड खणायला लागतात. यूलिमिट या शेलच्या आज्ञेने कोअर फाइलची (क्रॅशच्या क्षणीच्या मेमरीची प्रत) मर्यादा उठवावी, हँडलर तात्पुरता काढून टाकावा, प्रोग्रॅम पुन्हा क्रॅश होऊ द्यावा आणि ती कोअर फाइल जीडीबी या डीबगरमध्ये उघडून बॅकट्रेस पाहावा. तिथेही कचराच दिसत असेल तर सिग्नलचा काही संबंध नाही: एक तर स्टॅकवर कोणीतरी लिहून ठेवले आहे किंवा स्टॅक कसा उलगडायचा हे सांगणारी, कंपायलरने बनवलेली अनवाइंड टेबलेच नाहीत. स्टॅक खराब झाला असेल तर ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारे कंपायलरचे साधन) लावून मूळ चूक शोधावी, कारण फाटलेल्या कागदावरचा मजकूर कितीही चांगला चष्मा लावला तरी वाचता येत नाही.

मग हँडलर परत बसवून त्याच्या आत ब्रेकपॉइंट लावावा. जीडीबी सिगसेगव्हीवर (सेगमेंटेशन फॉल्टच्या सिग्नलवर) आधी स्वतः थांबतो, तेव्हा एकदा पुढे चालू ठेवावे लागते. ब्रेकपॉइंटवर बॅकट्रेस घेतला की मध्ये सिग्नल हँडलर बोलावला गेल्याची खूण असलेली एक वेगळी ओळ दिसते आणि तिच्याखाली चुकलेले फंक्शन येते. हे सगळे नीट दिसत असेल तर माहिती जागेवर आहे आणि आपला अनवाइंडर ती वापरत नाही, असा निष्कर्ष निघतो. फक्त एक खबरदारी बाळगावी. जीडीबी ट्रॅम्पोलिनला त्याच्या नावावरून किंवा कोडच्या बाइटवरून स्वतःहून ओळखतो आणि टेबल नसेल तर फंक्शनचा प्रोलॉग, म्हणजे स्टॅकची मांडणी करणारा सुरुवातीचा भाग, वाचून अंदाजही बांधतो. त्यामुळे जीडीबीचा बॅकट्रेस बरोबर आला म्हणजे आपली अनवाइंड टेबले निर्दोष आहेत असे सिद्ध होत नाही.

हँडलर कायम ठेवूनच कोअर फाइल हवी असेल, तर हँडलरच्या शेवटी पुन्हा सिग्नल उठवण्यापेक्षा सिग्नलची वागणूक मूळपदावर आणावी आणि सरळ परत जावे. चुकलेली सूचना पुन्हा चालते, पुन्हा फॉल्ट होतो आणि कोअर फाइलमध्ये हँडलरचा गाळ न येता खरी जागा मिळते. कोणी बाहेरून किलने सिग्नल पाठवला असेल तर अर्थात ही युक्ती चालत नाही, कारण पुन्हा चुकण्यासारखी सूचनाच तिथे नसते.

दुसरी तपासणी: हँडलरच्या आत काय काय बोलावले आहे

प्रोसेस थिजत असेल तर इतर काहीही करण्याआधी हे पाहावे. थिजलेल्या प्रोसेसला जीडीबी जोडून सगळ्या थ्रेडचे बॅकट्रेस घेतले की चित्र सहसा एकसारखेच असते: वर फ्युटेक्सवर (लॉकसाठी थांबण्याच्या कर्नलच्या सोयीवर) वाट पाहणारे लॉकचे फंक्शन, त्याखाली मेमरी मागणारे मॅलॉक, त्याखाली आपला हँडलर, मग सिग्नलची खूण आणि तिच्याखाली पुन्हा मॅलॉक किंवा मेमरी सोडणारे फ्री. म्हणजे थ्रेड मेमरी-वाटपाचे लॉक हातात धरून असताना थांबवला गेला आणि त्याच थ्रेडवरचा हँडलर तेच लॉक मागत बसला. ते त्याला कधीच मिळणार नाही.

हँडलरमध्ये प्रिंटएफ, मॅलॉक, सी++ मधल्या स्ट्रिंग आणि लॉगिंगची लायब्ररी ही सगळी मंडळी निषिद्ध आहेत. ठरलेल्या आकाराचा बफर आणि राइट हा सिस्टिम कॉल एवढ्यावर भागवावे. ग्लिबसी या सीच्या मानक लायब्ररीमधल्या बॅकट्रेस या फंक्शनबद्दल मात्र स्वतंत्रपणे सांगायला हवे, कारण ते दिसायला निरुपद्रवी आहे. त्याचा पहिला कॉल लिबजीसीसीची (जीसीसी कंपायलरसोबत येणारी, अनवाइंडर असलेली) शेअर्ड लायब्ररी लोड करतो आणि त्या ओघात मॅलॉक बोलावला जातो. प्रोग्रॅम सुरू होताच ते एकदा विनाकारण बोलावून ठेवावे, म्हणजे हे लोडिंग हँडलरमध्ये होत नाही. फंक्शनांची नावे मिळवतानाही, स्ट्रिंगांची यादी परत देणारी आवृत्ती मॅलॉक वापरते, म्हणून थेट फाइल डिस्क्रिप्टरवर लिहिणारी आवृत्ती घ्यावी. माझे मत विचाराल तर हँडलरमध्ये नावे शोधूच नयेत. नुसते पत्ते आणि प्रोसेसचा मेमरी-नकाशा लिहून ठेवावा आणि नावे नंतर निवांतपणे काढावीत. नकाशा लागतोच, कारण दर वेळी वेगळ्या जागी लोड होणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मूळ पत्ता वजा केल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ नसतो.

तिसरी तपासणी: हँडलर कसा बसवला आहे आणि कुठल्या स्टॅकवर चालतो

सिगॲक्शनला, म्हणजे हँडलर बसवणाऱ्या कॉलला, दिलेले झेंडे (फ्लॅग) पाहावेत. सिगइन्फोचा झेंडा नसेल तर हँडलरला मिळणाऱ्या तिसऱ्या पॅरामीटरवर, म्हणजे थांबवलेल्या रजिस्टरांच्या संदर्भावर, विसंबता येत नाही, आणि तो तर पुढच्या सगळ्या कामाचा आधार आहे.

हँडलर चालतच नसेल तर संशय स्टॅक संपल्याचा घ्यावा. अमर्याद रिकर्शनमध्ये स्टॅक संपला की कर्नलला सिग्नलची चौकट लिहायलाच जागा उरत नाही, आणि मग तो हँडलरच्या वाटेला न जाता प्रोसेस मारून टाकतो. यावर उपाय म्हणजे सिगअल्टस्टॅकने दिलेला वेगळा स्टॅक आणि सिगॲक्शनमध्ये तो वापरण्याचा झेंडा, दोन्ही लागतात. इथे हमखास फसण्याची जागा अशी की हा पर्यायी स्टॅक प्रत्येक थ्रेडचा वेगळा असतो आणि नव्या थ्रेडला तो आपोआप मिळत नाही. मुख्य थ्रेडवर चाचणी उत्तम पार पडते आणि प्रत्यक्षात क्रॅश कामकरी थ्रेडवर होतो. मी स्वतः एकदा या चुकीपायी तीन दिवस घालवले आहेत, तेही मेनमधली सिगअल्टस्टॅकची ती एक ओळ रोज डोळ्यांसमोर असताना.

आकारही तपासावा. जुन्या कोडमध्ये या स्टॅकसाठी ८१९२ बाइटांचा स्थिरांक आणि किमान आकार म्हणून २०४८ बाइट गृहीत धरलेले असतात. आजच्या प्रोसेसरवर कर्नल चौकटीत व्हेक्टर रजिस्टरेही लिहितो. एव्हीएक्स-५१२ असलेल्या यंत्रावर एवढ्यानेच चौकट अडीच किलोबाइटांच्या पुढे जाते, आणि एएमएक्सच्या टाइलांना तर एकट्यालाच ८१९२ बाइट लागतात. म्हणूनच २०२१ साली आलेल्या ग्लिबसी २.३४ पासून ही संख्या चालू यंत्राला विचारून घेण्याची सोय झाली. ड्वार्फ स्वरूपातली अनवाइंड टेबले वाचणारा अनवाइंडर स्वतःही बराच स्टॅक खातो, तेव्हा मी ६४ किलोबाइट देतो आणि त्याखाली एक वाचता-लिहिता न येणारे पान ठेवतो, म्हणजे हाही स्टॅक ओसंडला तर ते निदान कळते.

चौथी तपासणी: अनवाइंड टेबले आहेत का आणि कोणत्या प्रतीची

रीडएल्फ या साधनाने बायनरीचे विभाग पाहावेत. ईएच-फ्रेम नावाचा विभाग हवा. स्ट्रिप केल्याने (बायनरीतली नावे काढून टाकल्याने) तो जात नाही, त्यामुळे दोष स्ट्रिपला देऊ नये. तो नसेल तर कोणीतरी बायनरीचा आकार कमी करण्यासाठी कंपायलरला टेबले बनवू नकोस असे सांगितलेले असते.

विभाग आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. टेबले दोन प्रतींची असतात. साध्या प्रतीची टेबले फक्त कॉलच्या जागी खरी असतात, आणि एक्सेप्शन कॉलमधूनच येत असल्याने त्यांना तेवढे पुरते. सिग्नल मात्र कुठल्याही सूचनेवर येतो, प्रोलॉगमध्ये स्टॅक पॉइंटर अर्धवट हललेला असतानाही, म्हणून आपल्याला प्रत्येक सूचनेगणिक खरी असलेली, एसिंक्रोनस म्हणवली जाणारी टेबले लागतात. एक्स८६-६४ लिनक्सवर जीसीसी ती आपणहून बनवतो. ३२ बिटांच्या आर्मवरची ईएक्सआयडीएक्स टेबले साध्या प्रतीचीच असतात, तेव्हा तिथे प्रोलॉगमध्ये थांबलेला थ्रेड चुकीचा उलगडला तर नवल वाटू नये.

फ्रेम पॉइंटरच्या साखळीवरून चालणाऱ्यांनाही हीच मर्यादा आहे. फंक्शनने आपला आरबीपी (फ्रेम पॉइंटरचे रजिस्टर) अजून बसवलेला नसतानाच सिग्नल आला, तर साखळीतून त्या फंक्शनला कॉल करणारे फंक्शन निसटते: चुकलेले दिसते, त्याचा आजोबा दिसतो, बाप गायब. प्रोफाइलरला हे चालून जाते. क्रॅशच्या अहवालाला चालत नाही.

पाचवी तपासणी: सांधा

आता मूळ मुद्द्यावर येतो. बॅकट्रेस असा दिसतो:

#० पत्ते_गोळा_करा
#१ दोष_हँडलर
#२ ट्रॅम्पोलिन
#३ ??

याचा अर्थ अनवाइंडर ट्रॅम्पोलिनपर्यंत पोहोचला आणि पुढची पायरी त्याला सापडली नाही. ग्लिबसीमध्ये ट्रॅम्पोलिनसाठी हाताने लिहिलेली सीएफआय नोंद (अनवाइंड टेबलातली नोंद) असते आणि तिच्यावर ही सिग्नलची फ्रेम आहे अशी खूण असते. ती वाचून अनवाइंडर चौकटीतून रजिस्टरे उचलतो. ही नोंद नसेल तर लिबजीसीसी ट्रॅम्पोलिनचे बाइट ताडून पाहतो: १५ हा आकडा रजिस्टरमध्ये भरणारी सूचना आणि तिला लागून सिस्कॉल, असे एकूण ९ बाइट. कोणी स्वतःचे रिस्टोअरर (ट्रॅम्पोलिन) लिहिले असेल, किंवा सॅंडबॉक्सने मध्ये आणखी एखादे पाऊल घातले असेल, तर दोन्ही मार्ग बंद होतात.

यावर माझा नेहमीचा उपाय असा की सांधा ओलांडायच्या भानगडीत पडूच नये. हँडलरच्या तिसऱ्या पॅरामीटरमध्ये थांबवलेल्या थ्रेडची सगळी रजिस्टरे आयती मिळतात, तेव्हा उलगडायला सुरुवात तिथूनच करावी. लिबअनवाइंड या लायब्ररीमध्ये स्थानिक उलगडणी सुरू करणाऱ्या फंक्शनची दुसरी आवृत्ती आहे. तिला तो संदर्भ देऊन ही सिग्नलची फ्रेम आहे असे झेंड्याने सांगता येते. लिबजीसीसीच्या अनवाइंडरला बाहेरून सुरुवात देता येत नाही, तो नेहमी स्वतःपासूनच निघतो.

तो झेंडा विसरला की दुसरे लक्षण, म्हणजे शेजारच्या फंक्शनचे नाव, उद्भवते. एरवीच्या फ्रेममध्ये हातात असलेला पत्ता कॉलच्या पुढच्या सूचनेचा असतो, म्हणून टेबलात शोधताना अनवाइंडर त्यातून १ वजा करतो. थांबवलेल्या फ्रेममध्ये मात्र पत्ता नेमक्या त्या सूचनेचाच असतो आणि वजाबाकी करायची नसते. समजा फंक्शन सोळाच्या पायावर ४०१२०० या पत्त्यावर सुरू होते आणि स्टॅक ओसंडल्यामुळे त्याची पहिलीच पुश सूचना फॉल्ट झाली. एक वजा केले की पत्ता ४०११एफएफ होतो आणि तो अलीकडच्या फंक्शनचा असतो. ते फंक्शन साध्या रिटर्नने संपत असेल तर तिथला स्टॅकचा हिशेब योगायोगाने जुळतो आणि फक्त नाव चुकते. ते अबॉर्टच्या कॉलने संपत असेल तर हिशेबही चुकतो आणि तिथून पुढचा सगळा बॅकट्रेस काल्पनिक होतो. दोन फंक्शनांमध्ये भरणीचे बाइट असतील तर टेबलात काहीच सापडत नाही आणि यादी थांबते. एकाच चुकीची ही तीन रूपे लोक तीन वेगळे दोष म्हणून नोंदवतात.

याच्या उलट प्रकार नल फंक्शन पॉइंटरचा. तिथे आरआयपी (चालू सूचनेचा पत्ता) शून्य असतो, शून्याला टेबल नसते आणि उलगडणी पहिल्याच पावलाला संपते. अशा वेळी कॉलने नुकताच ढकललेला परतीचा पत्ता स्टॅकच्या माथ्यावर तसाच असतो. तो आरआयपी म्हणून घ्यावा, आरएसपीत (स्टॅक पॉइंटरमध्ये) ८ मिळवावेत आणि पुढे चालावे. ६४ बिटांच्या आर्मवर तो पत्ता लिंक रजिस्टरमध्ये मिळतो. आता हा परतीचा पत्ता झाला, म्हणून इथे मात्र १ वजा करायचा.

पर्यायी स्टॅक लावला असेल तर स्वतः लिहिलेल्या अनवाइंडरमधली आणखी एक अट पाहावी. पुढची फ्रेम नेहमी वरच्या पत्त्यावर असावी ही तपासणी एका स्टॅकवर शहाणपणाची आहे, पण पर्यायी स्टॅकवरून मूळ स्टॅकवर जाताना पत्ता कुठल्याही दिशेला उडी घेऊ शकतो, आणि ती अट नेमकी सांध्यावरच चाल थांबवते.

सहावी तपासणी: क्वचित घडणारे

हजारांत एखाद्या वेळी थिजणे उरले असेल तर लोडरच्या लॉककडे पाहावे. पत्ता कोणत्या लायब्ररीत येतो हे शोधायला अनवाइंडर लोड झालेल्या लायब्ररींची यादी चाळतो आणि जुन्या व्यवस्थेत त्यासाठी लोडरचे लॉक घ्यावे लागे. थ्रेड डीएलओपनच्या (चालू असताना लायब्ररी लोड करणाऱ्या कॉलच्या) मधोमध थांबवला असेल तर गाठ बसली. ग्लिबसी २.३५ ने २०२२ मध्ये लॉक न घेणारा मार्ग दिला आणि जीसीसी १२ पासूनचा लिबजीसीसी तो वापरतो. दोन्ही बाजू नव्या असल्या तरच फायदा मिळतो.

हे पकडण्यासाठी एक थ्रेड सतत डीएलओपन आणि डीएलक्लोज करत ठेवावा आणि दर मिलिसेकंदाला सिगप्रॉफ पाठवत राहावे. सोबत मुद्दाम केलेले तीन क्रॅश कायमच्या चाचण्यांत असू द्यावेत: खोल फंक्शनमध्ये नलवर लिहिणे, नल फंक्शन पॉइंटरला कॉल आणि कामकरी थ्रेडवर अमर्याद रिकर्शन.

एक्सेप्शनचे लक्षण मी शेवटी ठेवले, कारण त्यावर माझा सल्ला छोटा आहे: सिग्नल हँडलरमधून एक्सेप्शन फेकू नये. कॉल नसलेल्या सूचनांवरही एक्सेप्शन येऊ शकते असे कंपायलरला सांगणारा पर्याय आहे, पण तो त्या सूचनेनेच ओढवलेल्या फॉल्टसाठी आहे, बाहेरून कधीही येणाऱ्या सिग्नलसाठी नाही, आणि प्रोग्रॅममधली प्रत्येक लायब्ररी तशी बांधलेली असणे जवळपास अशक्य असते. वाटेत एक नोएक्सेप्ट (एक्सेप्शन बाहेर न सोडणारे) फंक्शन लागले तरी टर्मिनेट होतेच.

कुठे थांबावे

पुढच्या परिस्थितीत स्वतः खटपट थांबवून जाणकाराकडे जावे. एकेक सूचना पुढे जात प्रत्येक सूचनेवर बॅकट्रेस ताडून पाहिला आणि तो एका ठरावीक सूचनेवरच तुटतो असे दिसले, आणि ते फंक्शन कंपायलरने बनवलेले असले, तर हा कंपायलरच्या सीएफआयचा दोष आहे आणि तो टूलचेन सांभाळणाऱ्यांकडेच जायला हवा. ते फंक्शन हाताने लिहिलेल्या असेंब्लीतले असेल तर सीएफआय नोंदी त्या असेंब्लीच्या लेखकाकडूनच लिहून घ्याव्यात. अंदाजाने लिहिलेली नोंद नसलेल्या नोंदीपेक्षा वाईट, कारण ती खात्रीशीर आवाजात खोटे सांगते. प्रोसेसमध्ये जावा किंवा गो यांचे रनटाइम असेल तर त्यांचे स्वतःचे हँडलर आधीच बसलेले असतात. जावाचे यंत्र तर सिगसेगव्ही आपल्या रोजच्या कामासाठी वापरते, आणि गोला सी मधल्या हँडलरने पर्यायी स्टॅकचा झेंडा लावलेला असावाच लागतो. तिथे आपला हँडलर दामटून बसवू नये, त्या रनटाइमच्या माहितगाराला आधी विचारावे.

चालू सेवेवरच्या प्रोसेसमध्ये हे घडत असेल तर तिच्यावर प्रयोग करू नयेत, कारण जीडीबी जोडला की सगळे थ्रेड थांबतात. क्रॅशचा अहवाल वेगळ्या प्रोसेसकडून लिहवून घेण्याची रचना हा अशा ठिकाणी खरा उपाय असतो: हँडलर फक्त पाइपवर एक बाइट लिहितो आणि थांबतो, सोबती प्रोसेस पीट्रेस या सिस्टिम कॉलने बाहेरून स्टॅक वाचते. ती रचना उभारणे एका दुपारचे काम नाही आणि परवानग्यांचे प्रश्नही त्यात येतात, म्हणून हे काम आधी केलेला माणूस सोबत असावा.

जाणकाराकडे जाताना कोअर फाइल, नेमकी तीच बायनरी आणि तिच्या लायब्ररी, मेमरी-नकाशा, कंपायलर आणि ग्लिबसीच्या आवृत्त्या, आणि हँडलरच्या तिसऱ्या पॅरामीटरमधली आरआयपी, आरएसपी आणि आरबीपी यांची मूल्ये सोबत द्यावीत. बायनरी नंतर पुन्हा बांधून दिली तर पत्ते जुळत नाहीत आणि सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते.